बदली दोन वर्षांची, परिणाम बारावीपर्यंतचे
परदेशात तात्पुरत्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांच्या शिक्षणाचे नियोजन कसे करावे?

मुंबई : कंपनीकडून मिळालेली ‘ऑनसाइट’ नेमणूक, विद्यापीठातील संशोधनवृत्ती, रुग्णालयातील कंत्राटी नोकरी किंवा सरकारी प्रतिनियुक्ती अशा कारणांनी दोन-तीन वर्षांसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या हाती तयारीसाठी अनेकदा काही आठवडेच असतात. व्हिसा, घर आणि विमानाची तिकिटे यांत हा काळ सरतो आणि मुलांच्या शाळेचा विचार तेथे पोहोचल्यावर सुरू होतो. मूल पहिली-दुसरीत असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. आठवीच्या पुढे मात्र निघण्याचा महिना, निवडलेले मंडळ आणि परतीची तारीख या तीन गोष्टी मुलाच्या दहावी-बारावीवर आणि कधी कधी व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशावरही परिणाम करतात.

‘तात्पुरते’ हा शब्दही सावधपणे घ्यावा लागतो. अमेरिकेचा ‘एच-१बी’ परवाना प्रथम तीन वर्षांपर्यंतचा असतो आणि सर्वसाधारणपणे सहा वर्षांपर्यंत वाढतो. पाचवीत असताना गेलेले मूल पहिल्या मुदतीनंतर परतले तर आठवीत येते; मुदत वाढली तर थेट अकरावीच्या उंबरठ्यावर उभे राहते. त्यामुळे वेळेवर परतण्याची आणि मुक्काम लांबण्याची अशा दोन्ही शक्यता धरून नियोजन करणे शहाणपणाचे ठरते.

वयानुसार जोखीम वेगळी

पहिली ते चौथीच्या मुलांच्या बाबतीत शैक्षणिक नुकसान सर्वांत कमी असते. या वयात नवी भाषा लवकर अंगवळणी पडते आणि परतल्यावर राहिलेला अभ्यास वर्षभरात भरून काढता येतो.

पाचवी ते आठवीच्या टप्प्यात अडचण येते ती प्रामुख्याने भाषांची आणि विषयांच्या क्रमाची. भारतात सहावी ते आठवीत सामान्यतः तीन भाषा शिकवल्या जातात. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा विषय टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाला आहे. तीन वर्षे मराठी किंवा हिंदीचे लेखन न केलेले मूल सातवीत परतले, तर गणित-विज्ञानापेक्षा भाषेच्या उत्तरपत्रिकेतच ते अधिक अडखळण्याची शक्यता असते.

या टप्प्यावर कायद्याचे काही संरक्षणही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित शाळांत बदलीचा दाखला येण्यास उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. चौदा वर्षांनंतर हे संरक्षण उरत नाही.

नववी ते बारावी हा सर्वांत नाजूक काळ. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ (सीबीएसई) नववी-दहावी आणि अकरावी-बारावी यांकडे दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम म्हणून पाहते. विद्यार्थ्यांची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. दहावी किंवा बारावीत थेट प्रवेश सहज मिळत नाही. पालकांची बदली किंवा आजारपण अशा कारणांसाठी मंडळाच्या परवानगीनेच तो दिला जातो. म्हणून नववी संपवून निघणे किंवा अकरावी परदेशात करून बारावीला परतणे टाळता आल्यास टाळावे. आठवी, दहावी किंवा बारावी पूर्ण झाल्यानंतरचा काळ हालचालीला त्या मानाने सोयीचा असतो.

कोणत्या देशात काय?

अमेरिकेत नोकरदाराच्या अवलंबितांना, म्हणजे ‘एच-४’ किंवा ‘एल-२’ व्हिसावरील मुलांना, राहत्या पत्त्याच्या शालेय जिल्ह्यातील सार्वजनिक शाळेत शुल्काविना प्रवेश मिळतो. घराचा पत्ता हाच शाळेचा निकष असल्याने भाडेकरार करण्यापूर्वी शाळा पाहणे आवश्यक असते. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते असे अर्जात नमूद केल्यास मुलाची इंग्रजीची चाचणी घेतली जाते आणि गरज असल्यास भाषेचे जादा साहाय्य मिळते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ब्रिटनमध्ये सरकारी शाळांतील शिक्षण विनामूल्य असून वर्षाच्या मध्यातील प्रवेशासाठी सामान्यतः स्थानिक परिषदेकडे चौकशी करावी लागते. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्या पालकांनी एक बदल लक्षात ठेवावा. जानेवारी २०२४ पासून अध्यापनाधारित पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुले अवलंबित म्हणून सोबत नेता येत नाहीत. संशोधनाधारित अभ्यासक्रमांना ही मुभा आहे.

जर्मनीत शालेय उपस्थिती सक्तीची आहे. मुलाला घरी ठेवून भारतीय मंडळाचा अभ्यास करवून घेण्याचा पर्याय तेथे व्यवहारतः उपलब्ध नाही. शिक्षण हा तेथील सोळा राज्यांचा विषय असल्याने नियम राज्यागणिक बदलतात. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे साधारण दहाव्या वर्षी, मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमिक शाळांत विभागणी होते. बर्लिन व ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शिक्षण सहा वर्षांचे आहे. जर्मन न येणारे दहा वर्षांचे मूल नेमके या वळणावर पोहोचत असेल, तर सरकारी शाळेतील भाषापूर्वतयारीचा वर्ग आणि इंग्रजी माध्यमाची खर्चिक आंतरराष्ट्रीय शाळा यांतील निवड जाण्यापूर्वीच करावी लागते.

सिंगापूरमध्ये सरकारी शाळेतील प्रवेशासाठी परदेशी मुलांना सामान्यतः शिक्षण मंत्रालयाची प्रवेश प्रक्रिया पार करावी लागते. ती उत्तीर्ण होऊनही जागेची हमी नसते आणि शुल्क स्थानिकांपेक्षा बरेच अधिक असते. तेथे मातृभाषा विषयासाठी तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषांची सोय आहे. मराठीचा त्यांत समावेश नसल्याने मराठी कुटुंबांना सहसा हिंदीकडे वळावे लागते.

आखाती देशांत चित्र वेगळे आहे. तेथे सीबीएसईशी संलग्न शाळा मोठ्या संख्येने असून त्यांचे वर्षही एप्रिलमध्ये सुरू होते. भारतातील सीबीएसई शाळेतून तेथे जाणे आणि परतणे हा त्यामुळे त्या मानाने सर्वांत कमी अडथळ्यांचा मार्ग ठरतो. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथे केंद्रीय विद्यालयेही आहेत.

दिनदर्शिकेचा पेच

सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये, तर महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळांचे साधारणपणे जूनमध्ये सुरू होते. अमेरिका, ब्रिटन व जर्मनीत ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सिंगापूरमध्ये जानेवारीत, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस आणि जपानमध्ये एप्रिलमध्ये सुरू होते. मार्चची परीक्षा देऊन युरोपात गेलेल्या मुलाला सुट्टी धरून नव्या इयत्तेपर्यंत चार-पाच महिने मिळतात. भाषा शिकण्यासाठी हा काळ उपयोगी पडतो.

परतीचे गणित अधिक अवघड असते. अमेरिकेतील वर्ष मे-जूनमध्ये संपते, तेव्हा सीबीएसईचा नवा वर्ग दोन महिने पुढे गेलेला असतो. नोकरीची मुदत डिसेंबरमध्ये संपत असेल, तर मूल भारतात वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पोहोचते. परतीची तारीख ठरवण्यास वाव असल्यास ती शाळेच्या वर्षाशी जुळवून घेणे हा मुलाला वर्ष गमवावे लागू न देण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, वर्तणुकीचे प्रमाणपत्र आणि जन्मदाखला ही मूळ संचिका. कागदपत्रे मराठीत असल्यास त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत असावे. भारत २००५ पासून ‘अपॉस्टिल’विषयक हेग अधिवेशनाचा सदस्य आहे. या अधिवेशनातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल पुरते, इतर देशांसाठी संबंधित दूतावासाचे साक्षांकन लागते. राज्य पातळीवरील आधीच्या पडताळणीत वेळ जात असल्याने हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. परतताना परदेशी शाळेच्या कागदपत्रांबाबत हीच प्रक्रिया उलट दिशेने करावी लागते आणि ती त्या देशातच उरकणे सोपे असते.

नावाची नोंद हा मराठी कुटुंबांचा खास प्रश्न. शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रात आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. परदेशी शाळेने तिसराच क्रम स्वीकारला तर परतल्यावर तीन कागदांवर तीन नावे दिसतात. जन्मदाखला, पारपत्र आणि शालेय नोंद यांतील अक्षरे निघण्यापूर्वी जुळवून घ्यावीत. मुलाची ‘यूडायस प्लस’ प्रणालीतील कायम शिक्षण क्रमांकाची नोंद आणि असल्यास ‘अपार’ क्रमांक जपून ठेवावा. परतल्यावर नव्या शाळेला जुनी नोंद त्यावरून शोधता येते.

लसीकरणाचा दाखला अनेक देशांत प्रवेशाइतकाच महत्त्वाचा असतो. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर-रुबेला लस आहे, परंतु गालगुंड आणि कांजिण्यांची लस नाही. अमेरिकेतील शाळा सामान्यतः या दोन्हींची मागणी करतात. जर्मनीत मार्च २०२० पासून शाळेसाठी गोवर प्रतिबंधाचा पुरावा बंधनकारक आहे. क्षयरोगाच्या त्वचाचाचणीचा निकाल बीसीजी घेतलेल्या मुलांत क्षयाची बाधा नसतानाही सकारात्मक येऊ शकतो. त्यामुळे बीसीजीची नोंद असलेले लसीकरण कार्ड सोबत न्यावे. अध्ययन अक्षमता किंवा अन्य विशेष गरज असलेल्या मुलांचे मूल्यमापन अहवालही बरोबर ठेवावेत. भारतात परतल्यावर मंडळाच्या परीक्षेतील सवलतीसाठी येथील सक्षम वैद्यकीय प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते.

समकक्षता आणि प्रवेशाचे निकष

परदेशी मंडळाची दहावी किंवा बारावी भारतात ग्राह्य धरली जाण्यासाठी समकक्षता आवश्यक असते. सीबीएसईने समकक्ष परदेशी मंडळांची यादी ठेवली आहे. उच्च शिक्षणातील प्रवेशासाठी हे काम प्रदीर्घ काळ भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) करीत आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२५ मध्ये परदेशी अर्हतांच्या समकक्षतेसाठी स्वतंत्र नियमावली अधिसूचित केली. समकक्षता शाळेच्या नावावर नव्हे, तर विषयांची संख्या, श्रेणी आणि एकूण शालेय वर्षे यांवर ठरते. त्यामुळे परदेशात विषय निवडतानाच भारतातील अटी पाहाव्यात. वैद्यकीय शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्याने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी यांपैकी एकही विषय सोडला, तर पुढे ‘नीट’ची पात्रताच धोक्यात येते.

महाराष्ट्रातील पालकांसाठी याहून मोठा मुद्दा राज्य कोट्याचा आहे. राज्यातील वैद्यकीय प्रवेशात राज्य कोट्यातील जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट सर्वसाधारणपणे लागू होते. काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यात सूट आहे. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा या कोट्यात येतात. दहावी परदेशात केलेल्या मुलाची या जागांवरची दावेदारी त्यामुळे संपू शकते. अभियांत्रिकीचे नियम तुलनेने सौम्य आहेत. तेथे पालक महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास राज्याबाहेर शिकलेल्या मुलांनाही वेगळ्या प्रकारात अर्ज करता येतो. हे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत बदलू शकतात, म्हणून निर्णयापूर्वी ताजी पुस्तिका वाचावी.

साखळी तुटलीच, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) हा मान्यताप्राप्त पर्याय आहे. माध्यमिक स्तरासाठी किमान वय १४, तर उच्च माध्यमिकसाठी १५ वर्षे आहे. नोंदणी पाच वर्षे वैध राहते आणि काही देशांत संस्थेची केंद्रेही आहेत. राज्य मंडळाच्या परीक्षेला १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची वाटही खुली असते.

मराठी आणि घरचा अभ्यास

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर, तर एनसीईआरटीची ‘ई-पाठशाला’ आणि ‘दीक्षा’वर विनामूल्य मिळतात. परदेशी शाळेचा अभ्यास सांभाळून संपूर्ण भारतीय अभ्यासक्रम घरी शिकवण्याचा आग्रह मुलांवर दुहेरी ओझे टाकतो. त्याऐवजी गणिताची क्रमवारी आणि भाषालेखन या दोनच गोष्टी नियमित ठेवल्यास परतीचा मार्ग मोकळा राहतो. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात आणि इतर देशांतील महाराष्ट्र मंडळेही असे वर्ग चालवतात. घरी मराठी बोलली जात असली, तरी मूल लिहिते-वाचते राहीलच असे नाही. रोज अर्धा तास वाचन आणि आजी-आजोबांना आठवड्याला एक पत्र, एवढ्यानेही देवनागरीचा सराव टिकतो.

काही वेळा जाणे लांबवणे हाच योग्य निर्णय ठरतो. मूल दहावी किंवा बारावीच्या वर्षात असेल, तर एका पालकाने आधी जाणे, कुटुंबाने परीक्षेनंतर निघणे किंवा नेमणूक काही महिने पुढे ढकलण्याची विनंती करणे हे पर्याय तपासावेत. नेमणुकीचे पत्र हाती पडताच बहुतेक कुटुंबे प्रथम वेतन आणि घरभाड्याचा हिशेब मांडतात. त्याच कागदावर मुलाची आजची इयत्ता, परतीच्या वर्षातील इयत्ता आणि मुक्काम लांबल्यास येणारी इयत्ता लिहावी. त्यांपैकी एखादी नववी ते बारावीच्या दरम्यान येत असेल, तर होकार कळवण्यापूर्वी शाळेशी आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयाशी बोलणे आवश्यक आहे.