अर्ध्या इंचाची ठेच

जिन्याचे काँक्रीट ओतले जाते तेव्हा वर कोणती फरशी बसणार, हे बऱ्याचदा ठरलेलेही नसते. सेंटरिंगवाला सगळ्या पायऱ्या इमानेइतबारे १६-१६ सेंटिमीटरच्या काढतो. काही महिन्यांनी फरशीवाले येतात. समजा, पायऱ्यांवर मसाला आणि कडप्पा मिळून ४ सेंटिमीटरची भर पडली आणि खालच्या-वरच्या मजल्यांवर भराव, मसाला, टाइल धरून ७ सेंटिमीटरची. आता तळाची पायरी १३ सेंटिमीटरच उरते, मधल्या १६च्याच राहतात आणि मजल्याला भिडणारी शेवटची १९ची होते. नकाशात कुठेही चूक नसते. तरी त्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा वर पोचता पोचता अडखळतो.

चढताना आपण सुरुवातीच्या पायऱ्यांकडे बघतो, मग नजर दुसरीकडे वळते. उंचीचा अंदाज मेंदूने बांधलेला असतो. पाऊल तेवढेच उचलले जाते आणि बूट पायरीच्या कडेवरून थोडक्यात निसटतो. जास्त उचलण्यात शक्ती वाया जाते, म्हणून शरीर इथे काटकसर करते. उतरताना हीच काटकसर महागात पडते. अंगाचा भार आधीच पुढे गेलेला असतो, आणि जमीन ठरल्या जागी नसली तर सावरायला वेळ मिळत नाही. चढताना पडणारा बहुधा पुढच्या पायरीवर हात टेकतो. उतरताना तोल गेला की खाली सगळा जिना असतो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ३६व्या स्ट्रीटच्या मेट्रो स्थानकात एक पायरी बाकीच्यांपेक्षा सुमारे अर्धा इंच उंच होती. तिथे एकामागून एक ठेचकाळणाऱ्या प्रवाशांचे चित्रण २०१२ मध्ये एका स्थानिक चित्रपटकाराने इंटरनेटवर टाकले. ते गाजले आणि प्रशासनाने जिना दुरुस्तीला घेतला. अमेरिकी नियमांत एका टप्प्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. अर्धा इंच म्हणजे जवळपास १३.

पायरी मुळात केवढी असावी, याचे गणित सतराव्या शतकातले आहे. पॅरिसच्या राजेशाही वास्तुकला अकादमीचे पहिले संचालक फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी मांडले की एक इंच वर चढणे हे दोन इंच सपाट चालण्याइतके धरावे. म्हणून पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल ठेवायची रुंदी मिळून एक सहज पाऊल व्हायला हवे : तेव्हाचे २४ फ्रेंच इंच, म्हणजे ६५ सेंटिमीटर. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीला उंची जास्तीत जास्त १९ आणि रुंदी किमान २५ सेंटिमीटर सांगितली आहे. ब्लाँदेलच्या सूत्रात घाला, बेरीज ६३ येते. सार्वजनिक इमारतींत १५ आणि ३०, बेरीज ६०. तिथे म्हातारे, गर्भवती, सामान उचललेले असे सगळेच येतात, म्हणून चढ सौम्य.

आपल्याकडे पायऱ्या संख्येने विषम आहेत ना, हे वास्तुशास्त्राच्या नावाने आवर्जून मोजले जाते. त्या समान आहेत का, हे मोजायला मात्र टेप कुणी काढत नाही.

गर्दी आली की जिन्याच्या रुंदीचा प्रश्न येतो. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. एरवी एकट्याच्या ढोपरावर निभावणारी ठेच अशा गर्दीत मागच्या सगळ्यांना खाली ओढू शकते.

कठड्याबाबत आपली संहिता मला जरा सैल वाटते. दोन उभ्या गजांमध्ये ती १५ सेंटिमीटरपर्यंत फट चालवून घेते. जिथे लहान मुले वावरतात तिथे ब्रिटिश नियमांत १० सेंटिमीटरचा चेंडूही फटीतून जाता कामा नये. घरात रांगते मूल असेल तर १०च धरावे.

फरशीचा दोष टाळायला खर्च येत नाही. पायऱ्यांवरच्या आणि मजल्यांवरच्या फरशीची जाडी जिना ओतण्याआधी ठरवायची आणि तयार मजल्यापासून तयार मजल्यापर्यंतची उंची पायऱ्यांत सारखी वाटायची. घर बांधून झाले असेल तर तळाची आणि वरची पायरी टेपने मोजा. फरक निघालाच, तर त्या पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी मारा आणि कठड्याचा हातधरा तिथे तोडू नका, पायरीच्या पुढे वीतभर जाऊ द्या.