पत्रांनी उभी केलेली विमानसेवा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे एक छोटे विमान निघाले. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरून ते दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानात उतरले. चालक होते जे. आर. डी. टाटा. त्यांच्याखेरीज विमानात माणूस नव्हता. होत्या त्या टपालाच्या थैल्या, वजन सुमारे २५ किलोग्रॅम. जुहूला त्या दुसऱ्या विमानात चढवल्या गेल्या आणि नेव्हिल व्हिन्सेंट हे वैमानिक त्या बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. पुढे जी कंपनी ‘एअर इंडिया’ झाली, तिच्या कामाची ही सुरुवात.

आज विमानकंपनी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रवासी येतात. मग या कंपनीने सुरुवात पत्रांपासून का केली? हा प्रश्न इतिहासाचा वाटतो, पण त्याचे उत्तर बरेचसे पदार्थविज्ञानात आणि साध्या अंकगणितात आहे. ते एकदा उलगडले, की जगभरच्या पहिल्या विमानकंपन्यांची गोष्ट आपोआप कळते.

दोन जुने प्रयोग

विमानाने टपाल नेण्याचा जगातला पहिला अधिकृत प्रयोग भारतातच झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे ६,५०० पत्रे नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर होते.

माणसांची नियमित वाहतूक करण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेत फ्लोरिडामध्ये झाला. १ जानेवारी १९१४ पासून सेंट पीटर्सबर्ग ते टँपा या दोन गावांमध्ये खाडीवरून एक विमान जाऊ लागले. पाण्यावर उतरणाऱ्या त्या लाकडी विमानात वैमानिकाच्या शेजारी एकच प्रवासी बसे. पहिली फेरी २३ मिनिटांत झाली. लोकांना मोठे कौतुक वाटले, तरी सुमारे चार महिन्यांत, थंडीतल्या पर्यटकांचा हंगाम सरताच, सेवा बंद पडली. एका प्रवाशाच्या भाड्यात वैमानिक, इंजिन आणि पेट्रोल यांचा खर्च निघेना. यापुढील वीस वर्षे विमानकंपन्यांना याच अडचणीशी झगडावे लागले.

वजनाचा हिशेब

ही अडचण समजण्यासाठी १९३२ च्या त्या विमानाचाच हिशेब करू. ते ‘पस मॉथ’ जातीचे, १२० अश्वशक्तीच्या इंजिनाचे विमान होते. उड्डाणाच्या वेळी त्याचे एकूण वजन जास्तीत जास्त सुमारे ९३० किलोग्रॅम चाले. नुसत्या रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ५७५ किलोग्रॅम होते. म्हणजे बाकी सगळ्यासाठी उरले ३५५ किलोग्रॅम.

यातून वैमानिकाचे ७५ किलोग्रॅम वजा करू. आता पेट्रोल. कराची ते अहमदाबाद हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर आहे. ताशी १७० किलोमीटर वेगाने साडेतीन तास लागतील. समोरून वारा आला किंवा वाट चुकली तर हाताशी असावे म्हणून पाच तासांचे पेट्रोल घेऊ. ताशी २२ किलोग्रॅम खर्च धरला तर ११० किलोग्रॅम झाले. इंजिनाचे वंगणतेल, हत्यारे, पिण्याचे पाणी यांसाठी आणखी २० किलोग्रॅम धरू. पेट्रोलचे आणि किरकोळ सामानाचे आकडे आपण ढोबळ मानाने धरले आहेत, पण त्यांवरून कल्पना येते. उरले १५० किलोग्रॅम.

या १५० किलोग्रॅमवर कंपनीचा सगळा संसार चालायचा होता. विमानात दोन माणसे बसवा, नाहीतर प्रत्येकी १० ग्रॅमची १५,००० पत्रे भरा.

टप्पा लांब केला तर पेट्रोल जास्त लागते आणि तेवढा माल कमी होतो. टप्पा आखूड केला तर वारंवार उतरावे लागते, वेळ जातो आणि रेल्वेला मागे टाकण्याचा फायदा घटतो. या ओढाताणीतून मधला मार्ग काढायचा म्हणून अहमदाबाद आणि बेल्लारी ही थांबण्याची ठिकाणे आली. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत येत.

पत्र हा सोयीचा प्रवासी

आता उत्पन्नाची बाजू पाहू. सामानासह एका माणसाचे वजन ८० किलोग्रॅम धरले तर तेवढ्या वजनात ८,००० पत्रे मावतात. एका पत्रामागे विमानाचे म्हणून फक्त एक आणा मिळाला असे समजू. ८,००० आणे म्हणजे ५०० रुपये. एका माणसाकडून तेवढे भाडे १९३२ साली मागितले असते, तर देणारे किती मिळाले असते? पत्र पाठवणाऱ्याला मात्र एक आणा जड वाटत नाही. खर्च हजारो जणांत वाटला जातो, हे टपालाचे पहिले बलस्थान.

दुसरे बलस्थान वेळेच्या किमतीचे. एक लाख रुपयांची हुंडी किंवा धनादेश मुंबईहून मद्रासला जायचा आहे असे समजा. तो पोचेपर्यंत पैसा अडकून पडतो. दरसाल ६ टक्के व्याज धरले तर एका दिवसाचे व्याज सुमारे १६ रुपये होते. विमानाने दोन दिवस वाचले तर ३२ रुपये वाचले, तेही काही आण्यांच्या तिकिटात! बँका आणि व्यापारी हवाई टपालाचे भक्कम गिऱ्हाईक का होते, ते यावरून ध्यानात येईल.

शिवाय पत्राला खुर्ची लागत नाही, खिडकी लागत नाही, इंजिनाच्या आवाजाने त्याचे डोके दुखत नाही. हवा खराब असेल तर ते तक्रार न करता थांबते. ते रोज असते, सणावाराला वाढते आणि कोणत्याच ऋतूत संपत नाही. फ्लोरिडातल्या सेवेला नेमका याच नियमितपणाचा आधार नव्हता.

कराचीपर्यंत आलेली वाट

३० मार्च १९२९ रोजी ‘इंपीरियल एअरवेज’ या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची हवाई टपाल सुरू केले. पण कराचीला उतरलेली मुंबईची आणि मद्रासची पत्रे पुढे आगगाडीनेच जात. हजारो किलोमीटर विमानाने वाचवलेला वेळ शेवटच्या हजार किलोमीटरमध्ये वाया जाई. इंपीरियलचा पुढचा मार्ग कलकत्त्याकडे जाणारा होता. मुंबई आणि दक्षिण भारत बाजूला पडत होते.

ही फट व्हिन्सेंट यांनी हेरली. ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते आणि नंतर भारतात विमानांची प्रात्यक्षिके दाखवत फिरले होते. त्यांनी कराची–मुंबई–मद्रास सेवेची योजना टाटांकडे नेली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळालेला होता. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्यांनी योजना उचलून धरली, पण सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. काही वर्षे वाटाघाटी झाल्या. अखेर अनुदानाचा आग्रह सोडून टाटांनी टपाल वाहण्याच्या मोबदल्यावरच सेवा चालवायचे ठरवले आणि १९३२ मध्ये करार झाला. युरोपातल्या बहुतेक कंपन्या त्या काळी सरकारी मदतीवर तग धरून होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयातला धोका कळतो.

पावसाळ्याची परीक्षा

टपालाचा करार वक्तशीरपणावर टिकतो. मद्रासहून निघालेली थैली कराचीला लंडनचे विमान सुटण्याआधी पोचली नाही, तर सारा खटाटोप फुकट. आणि या मार्गात सह्याद्री आडवा आहे.

पावसाळ्यात सह्याद्री म्हणजे काय, हे डोंबिवलीजवळच्या मानपाड्यातल्या विद्यार्थ्यांना सांगावे लागणार नाही. उन्हाळ्यात लख्ख दिसणारा मलंगगड जुलैमध्ये दिवसचे दिवस ढगात असतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते. वर दाब कमी असल्यामुळे ती प्रसरण पावते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. डोंगरमाथे त्या ढगांत बुडतात. पस मॉथमध्ये रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून मार्ग दाखवणारी साधनेही नव्हती. वैमानिक नदी, किनारा, रेल्वेचे रूळ पाहत जाई. जमीन दिसेनाशी झाली तर ढगात कुठे कडा आहे ते त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

जुहूचे मैदानही पावसाळ्यात पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, मोजके वैमानिक आणि तंत्रज्ञ असा सगळा बाडबिस्तारा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवला जाई. एवढे असूनही पहिल्या वर्षात या सेवेचे टपाल कराचीला एकदाही चुकले नाही. सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याने या वक्तशीरपणाची आपल्या अहवालात आवर्जून प्रशंसा केली.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद

पहिल्या वर्षात विमानांनी सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले, सुमारे ९.७ टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले आणि ६०,००० रुपये नफा झाला. या आकड्यांवर थोडे काम करू.

सेवा आठवड्यातून एकदा होती. जाणे-येणे मिळून वर्षाच्या १०४ फेऱ्या. म्हणजे दर फेरीला टपाल सरासरी ९३ किलोग्रॅम आणि प्रवासी सरासरी दीड. आपण वर काढलेल्या १५० किलोग्रॅमशी हे ताडून पाहावे. टपाल भरून जी जागा उरे, तीत कोणी आले तर बसे.

नफ्याला मैलांनी भागले तर दर मैलामागे सहा आणे येतात. इतक्या बारीक फरकावर कंपनी तरली. एखादे विमान निकामी झाले असते, तर वर्षाची कमाई बुडायला वेळ लागला नसता.

प्रवासी केव्हा परवडू लागले?

अमेरिकेत १९२५ च्या कायद्याने सरकारी टपाल खासगी कंपन्यांकडे सोपवले गेले आणि तिथेही कंपन्या टपालावर उभ्या राहिल्या. १९३० मध्ये मोबदल्याची पद्धत बदलली. नेलेल्या वजनाऐवजी विमानात टपालासाठी असलेल्या जागेवर पैसे मिळू लागले. त्यामुळे मोठी विमाने घेणे कंपन्यांच्या फायद्याचे झाले आणि मोठ्या विमानात खुर्च्या आल्या.

डिसेंबर १९३५ मध्ये ‘डीसी-३’ हे विमान प्रथम उडाले. धातूचे गुळगुळीत अंग, आत ओढून घेता येणारी चाके, इंजिनावर आच्छादन, पात्यांचा कोन बदलणारा पंखा, अशा सुधारणांमुळे हवेचा विरोध घटला आणि इंजिनाची शक्ती अधिक कामी आली. त्यात २१ प्रवासी बसत. पस मॉथमध्ये दीड प्रवाशामागे एक वैमानिक होता. इथे २१ जणांमागे दोन. केवळ प्रवाशांच्या भाड्यावर नफा मिळवून देणारे पहिले विमान म्हणून ते ओळखले जाते. आपल्याकडे याच विमानाचा लष्करी अवतार ‘डकोटा’ या नावाने दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळाला आणि अनेक नव्या कंपन्या निघाल्या. १९५३ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले.

नागपूरची मध्यरात्र

टपालाने विमानवाहतुकीला आणखी एक धडा दिला, तो नागपुरात. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. चारही शहरे नागपूरपासून सुमारे ७०० ते १,००० किलोमीटरवर आहेत, म्हणजे डकोटाला अडीच ते पावणेचार तासांची.

चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक केंद्र घेतले तर चार पुरतात. दहा शहरे असतील तर थेट मार्ग ४५ आणि केंद्रामार्गे दहाच. आज मोठ्या विमानकंपन्या आणि कुरिअर कंपन्या याच तत्त्वावर चालतात.

प्रश्न अजून तोच

रिकाम्या जागेचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न संपलेला नाही. लहान शहरांना विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिच्या पहिल्या फेऱ्या झाल्या, त्यांत नांदेड–हैदराबाद ही एक होती. काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवायचे आणि त्यामुळे पडणारी तूट ठरावीक काळ भरून द्यायची, अशी तिची रचना. १९३२ मध्ये प्रवासी येईपर्यंतचा काळ पत्रांनी निभावला. इथे तो अनुदानाने निभावायचा आहे. अनुदान थांबल्यावर फेरी टिकेल की नाही, हे त्या मार्गावर रोज, बारा महिने जाणारे काय आहे यावर ठरते. आपल्या जिल्ह्यात विमानतळ हवा अशी मागणी होते, तेव्हा हा प्रश्न विचारायला हवा.

वर्गात करण्यासाठी

१. पस मॉथला कराचीहून अहमदाबादवरून, पण तिथे न थांबता, मुंबईला (सुमारे १,०४० किलोमीटर) यायचे असते, तर दीड तासाचे जादा पेट्रोल धरून किती माल नेता आला असता? वरील आकडे वापरा. (पेट्रोलची टाकी पुरेशी मोठी आहे असे समजा.)

२. शहरांची संख्या ‘न’ असेल तर थेट मार्ग किती आणि केंद्रामार्गे किती? दोन्हींचा आलेख काढा. किती शहरांपासून केंद्र फायद्याचे ठरते?

३. आपल्या गावातून रोज बाहेर जाणाऱ्या वस्तूंची यादी करा. दर किलोग्रॅमला जास्त किमतीच्या, एका दिवसाच्या उशिराने नुकसान होणाऱ्या आणि वर्षभर जाणाऱ्या, अशा तिन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या वस्तू किती निघतात ते पाहा.