कोल्हापूर ते तिरुपती: अंतर किती, वेळ किती?

अंबाबाई आणि बालाजी या दोन्ही क्षेत्रांची वारी करणारे भाविक पुष्कळ. हरिप्रिया एक्स्प्रेस त्यांना मिरज, बेळगाव, हुबळी, गुंटकल असा वळसा घालत दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुपतीला पोचवते. २०१९ मध्ये ‘उडान’ योजनेत या मार्गावर थेट विमान सुरू झाले, आणि अंतराचा नि वेळेचा हिशेब पार बदलला.

अंतर घरबसल्या काढता येते. कोल्हापूरचा, म्हणजे उजळाईवाडीचा, विमानतळ सुमारे १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. तिरुपतीचा, म्हणजे रेणीगुंट्याचा, १३.६३ आणि ७९.५४ वर. अक्षांशाच्या एका अंशाला साधारण १११ किमी धरले, तर दक्षिणेकडे ३३५ किमी जायचे. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखडत जातो. या पट्ट्यात तो १०७ किमीच्या आसपास भरतो. म्हणून पूर्वेकडे सुमारे ५६५ किमी. आता शाळेतला पायथागोरस लावा: कर्ण येतो साधारण ६५५ किमी. एवढ्या टप्प्यात पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही.

वेळ काढताना मात्र बहुतेकांची गफलत होते. इंटरनेटवरची कोष्टके अंतराला जेटच्या वेगाने, ताशी ८०० ते ९०० किमीने, भागतात आणि पाऊण तास सांगून मोकळी होतात. छोट्या विमानतळांवर बहुधा पंख्यांचे एटीआर-७२ असते. त्याचा वेग ताशी ५०० किमीच्या आसपास. म्हणजे नुसते भागले तरी एक तास वीस मिनिटे होतात, आणि तीही सुरुवातीपासून पूर्ण वेग धरून. प्रत्यक्षात चढताना वेग कमी असतो, उतरताना तो कमी करावाच लागतो. विमान आखलेल्या हवाईमार्गाने जाते आणि वाऱ्याच्या दिशेप्रमाणे ठरलेल्या टोकाकडून धावपट्टीवर येते, त्यामुळे काही किलोमीटर वाढतात.

जमिनीवरचा वेळही मोजावा लागतो. धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसेल, तर विमान धावपट्टीवरूनच पार दुसऱ्या टोकाला जाते, तिथे वळते आणि मग धाव घेते. तोपर्यंत दुसरे विमान उतरू शकत नाही. तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून एटीआरसाठी दीड ते पावणेदोन तास धरणे रास्त. वाऱ्याचा परिणामही जाणवतो: ताशी ४० किमीचा वारा पाठीशी असेल तर ६५५ किमीला सव्वा तासापेक्षा थोडा कमी वेळ लागतो, समोरून असेल तर जवळजवळ दीड तास. त्यामुळे जाण्याच्या आणि परतीच्या वेळा वेगळ्या दिसल्या तर ती छपाईची चूक समजू नका.

यात घरातून उजळाईवाडी गाठणे, तासभर आधीचे चेक-इन, सामानाची वाट पाहणे आणि रेणीगुंट्याहून तिरुपती गाठून तिरुमलाचा घाट चढणे मिळवा. सगळे धरून पाच-सहा तास सहज जातात. तरीही रेल्वेपेक्षा विमान कितीतरी सोयीचे, विशेषतः वयस्कर मंडळींना.

बुकिंग करताना विमानाचा प्रकार आधी पाहा, आणि दर्शनाची ठरलेली वेळ घेताना विमान उतरल्यानंतर किमान चार तास मोकळे ठेवा.