संगणकाचा द्वारपाल

भोर-वेल्हे हा गडकोटांचा मुलूख. राजगडाला पाली, गुंजवणे व अळू असे दरवाजे आहेत. शिवाय पद्मावती माचीकडे नेणारा चोरदरवाजाही आहे. दरवाजे किती, कोठे आणि त्यांतले उघडे कोणते, हे गडकऱ्याला ठाऊक असावेच लागे. आज महाविद्यालयांत संगणक आले. त्यांचा दरवाजा कोठे आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

युनिक्सच्या वळणाच्या संगणकांवर (लिनक्स त्यांतलाच) दूर बसून काम करता येते. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकावर संशोधक असेच आपल्या जागेवरून प्रवेश करतात. पावसाळ्यात वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत अडकलेल्या विद्यार्थ्याला ही सोय किती मोलाची, हे सांगायला नको.

यासाठी दोन प्रोग्रॅम लागतात. जाणाऱ्याकडे 'एसएसएच' आणि जेथे जायचे तेथे 'एसएसएचडी'. शेवटचा 'डी' म्हणजे डीमन, पडद्याआड जागा राहणारा सेवक. हाच आपला द्वारपाल.

पूर्वी हे काम टेलनेट व आरलॉगिन करीत. पण त्यांत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जाई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे शब्द चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलेनेन यांनी सारा व्यवहार सांकेतिक करणारा एसएसएच लिहिला. १९९९ साली ओपनबीएसडी गटाने ओपनएसएसएच काढला. आज बहुतेक ठिकाणी तोच चालतो.

डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रकारांत 'ओपनएसएसएच-सर्व्हर' नावाचा संच 'ॲप्ट' या आज्ञेने बसवता येतो. मात्र त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. जाणाऱ्याचा प्रोग्रॅम पुष्कळदा आयता असतो. त्यावरून द्वारपालही असेलच, असे समजू नये.

आता खरी गंमत. संच बसवल्यावर डेबियनमध्ये सामान्य वापरकर्त्याने 'व्हिच एसएसएचडी' असे विचारले, तर संगणक गप्प राहतो! द्वारपाल असतो, पण 'यूएसआर'मधील 'एसबिन' या कप्प्यात. व्यवस्थापकाच्या उपयोगाचे प्रोग्रॅम तेथे ठेवण्याची रीत आहे, आणि 'व्हिच' ही आज्ञा आपल्या 'पाथ'मध्ये नोंदलेले कप्पेच चाळते. 'व्हेअरइज' ही आज्ञा मात्र तेथेही डोकावते. सापडला नाही म्हणजे नाहीच, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

सापडला तरी तो जागा आहे का, हा प्रश्न निराळा. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' या आज्ञेने ते कळते. जागा असल्यास तो सामान्यतः २२ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन असतो. ज्याला हा पत्ता लागेल तो दार ठोठावणारच. म्हणून परवलीच्या शब्दाऐवजी सांकेतिक किल्ली वापरावी, व्यवस्थापकाला म्हणजे 'रूट'ला थेट प्रवेश बंद ठेवावा, आणि गरज नसेल तेथे द्वारपालच नेमू नये.

आम्ही काही विद्यार्थ्यांनी गावोगावच्या आजीबाईंकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आता संगणकात ठेवल्या आहेत. त्यांतल्या काही आजी आज हयात नाहीत. त्या ओव्या कोणी पुसल्या, तर पुन्हा कोणाकडे जायचे? कलाशाखेच्या विद्यार्थ्याला या यंत्रविद्येशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे.