नव्या कन्सोलने जुने खेळ जपावेत

नवा गेम कन्सोल येणार म्हटले की चर्चा होते ती चित्रांच्या स्पष्टतेची आणि वेगाची. माझी पहिली अपेक्षा वेगळी आहे: आपण विकत घेतलेले जुने खेळ त्यावर चालले पाहिजेत.

हे अवघड का? खेळाचा प्रोग्रॅम विशिष्ट प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांत साठवलेला असतो. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३मध्ये ‘सेल’ नावाचा आगळा प्रोसेसर होता. त्यात एक मुख्य कोअर आणि झपाट्याने आकडेमोड करणारे अनेक छोटे कोअर होते. खेळही त्याच रचनेला धरून लिहिले गेले. २०१३ साली प्लेस्टेशन ४ने घरगुती संगणकांतल्या एक्स८६ घराण्याचा प्रोसेसर स्वीकारला आणि प्लेस्टेशन ३च्या डिस्क त्यावर चालेनात. २०२० सालच्या प्लेस्टेशन ५ने हेच घराणे कायम ठेवले. म्हणून प्लेस्टेशन ४चे बहुतेक खेळ त्यावर चालतात.

घराणे बदलले तरी एम्युलेशनचा मार्ग उरतो. त्यात नवे यंत्र जुन्या यंत्राची नक्कल करत त्याच्या सूचना पाळते. मायक्रोसॉफ्टने २०१५पासून एक्सबॉक्स ३६०चे शेकडो खेळ असेच एक्सबॉक्स वनवर आणले.

दुसरा धोका ऑनलाइन दुकानांचा. निन्टेन्डोने मार्च २०२३मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री थांबवली. केवळ तिथेच मिळणारे खेळ विकत घेण्याची सोय संपली.

म्हणून पुढच्या पिढीच्या कन्सोलमध्ये डिस्कची सोय हवी, डिस्कवर पूर्ण खेळ हवा आणि जुन्या खेळांसाठी चांगले एम्युलेशन हवे. व्हिडिओ गेम ही कला आहे. यंत्र बदलले म्हणून ती हरवता कामा नये.