साखळीचा हिशेब

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आपण सर्वांनीच कुठे ना कुठे ऐकलेले असते. मी ते दीड वर्षापूर्वी शिरवळच्या एका मंगल कार्यालयात ऐकले आणि मला ते मनापासून पटले. व्यासपीठावर कोट-टाय घातलेले एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, “तुमच्या दाराशी एवढे कारखाने आले. त्यात तुम्ही कोण? कंत्राटी कामगार!” टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे वडील त्याच औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जातात. टोला बरोबर वर्मी बसला, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या महाविद्यालयातील निदान दहा-पंधरा जणांना तरी असे बोलावणे आलेले आहे, हे मला ठाऊक आहे. कारण त्यांपैकी काहींना ते मीच दिले होते. म्हणून हा लेख लिहिणे मला भाग आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असूनही जो हिशेब मी आधी मांडावयास हवा होता, तो उशिरा का होईना, येथे मांडतो.

या धंद्याला कोणी नेटवर्क मार्केटिंग म्हणतात, कोणी डायरेक्ट सेलिंग. आपल्याकडे सरळ ‘चेन’ म्हणतात. योजना ऐकायला सोपी असते. ठरावीक रकमेचा माल घ्यायचा की तुम्ही सभासद. मग तुम्ही दोघांना आणायचे, एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. त्या दोघांनी आणखी दोघांना. खाली जितकी माणसे वाढतील तितके कमिशन वर चढत येणार. माझ्या वरच्या माणसाने, म्हणजे ‘अपलाइन’ने, हे सर्व एका कागदावर वर्तुळे काढून पाच मिनिटांत समजावले. त्या कागदावर खर्चाचे एकही वर्तुळ नव्हते.

ते आता काढतो. साबण, टूथपेस्ट आणि शक्तिवर्धक पावडरीचा पहिला संच १२,५०० रुपयांचा. पैसे वडिलांनी सोसायटीतून उचलून दिले. नंतर कळले की कमिशन मिळत राहण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह’ राहावे लागते, म्हणजे दरमहा १,५०० रुपयांची खरेदी करावी लागते. मी आठ महिने टिकलो. १२,००० रुपये झाले. सातारा आणि पुण्याच्या तीन सेमिनारांची तिकिटे २,४०० रुपये, दोन दिवसांच्या निवासी शिबिराचे २,२००. एस.टी. आणि रिक्षा मिळून ५,१४०. यशस्वी दिसल्याशिवाय यश येत नाही असे शिबिरात शिकवले होते, म्हणून कोट आणि बूट, २,३५०. ज्यांना ‘प्लॅन दाखवायचा’ त्यांचा चहा-मिसळ आणि मित्राच्या मोटारसायकलचे पेट्रोल, ३,६००. एकूण ४०,१९० रुपये. हाती आलेले कमिशन ६,२००. आई म्हणते, घरात जो साबण-पेस्ट वापरला तो वाण्याकडून चार-पाच हजारांत आला असता. तेही जमेस धरू. तरी एकोणतीस हजारांचा खड्डा उरतोच.

पण सर्वांत मोठी रक्कम वहीत नव्हतीच. संध्याकाळी मी एका औषधांच्या दुकानात काम करीत असे. महिना पाच हजार मिळत. ‘नोकरीची मानसिकता सोडा’ या उपदेशावरून मी ते काम सोडले आणि पाच महिने माणसे शोधत हिंडलो. पंचवीस हजार रुपये बुडाले, आणि ते बुडाल्याचे मला जाणवलेही नाही. खिशातून गेलेला पैसा दिसतो, न आलेला दिसत नाही. वर्गात आम्ही याला ‘वैकल्पिक खर्च’ म्हणतो. परीक्षेत मी त्याची व्याख्या बिनचूक लिहिली होती!

आता कमिशन कोठून येते ते पाहू. बाजारात ज्या दर्जाची टूथपेस्ट साठ रुपयांना मिळते, ती आमच्याकडे एकशे ऐंशीला होती. वरचे एकशेवीस रुपये गुणवत्तेचे नव्हते. ते वरच्या पायऱ्यांना वाटण्यासाठी होते. साहजिकच बाहेरचा गिऱ्हाईक ती घेत नसे. मग घेणार कोण? साखळीत येऊ इच्छिणारा. म्हणजे माल विकण्यासाठी माणूस नव्हे, माणूस आणण्यासाठी माल. एकदा हे ध्यानात आले की पुढचे सर्व गणिताने सिद्ध होते.

प्रत्येकाने फक्त दोघांना आणले असे समजा. १, २, ४, ८, १६, ३२, ६४. सात पायऱ्यांत १२७ माणसे झाली. शेवटच्या पायरीवरच्या ६४ जणांखाली कोणीही नाही. त्यांच्या वरच्या ३२ जणांखाली दोन-दोनच. घातलेला पैसा निघण्यास खाली सहा माणसे लागतात असे धरले, तर १२७ पैकी ९६ तोट्यात आणि ३१ फायद्यात. कोणी म्हणेल, साखळी पुढे वाढू द्या. वाढू द्या. सातव्या पायरीवर थांबवा की सतराव्या, तळाच्या दोन पायऱ्यांवर एकूण माणसांचे तीन-चतुर्थांश नेहमीच असतात. मेहनतीने एखादा वर सरकेल, पण त्यासाठी तळाला आणखी माणसे घालावी लागतील. आणि वाढून वाढून किती वाढणार? २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती. बाविसाव्या पायरीला साखळीची बेरीज ४१,९४,३०३ होते. तान्ही मुले धरूनसुद्धा जिल्हा पुरत नाही.

हे फक्त लबाड कंपन्यांचे, मोठ्या आणि जुन्या कंपन्यांचे तसे नसते, असा युक्तिवाद मीही केला आहे. अमेरिकेत हा धंदा कायदेशीर आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ साली अ‍ॅमवेच्या प्रकरणात ही पद्धत पिरॅमिड नाही असा निर्णय दिला. मात्र तो न खपलेला माल परत घेणे आणि प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विक्री करणे या कंपनीच्या नियमांच्या आधारावर होता. त्याच कमिशनने २०२४ मध्ये अशा सत्तर कंपन्यांची उत्पन्नाची निवेदने तपासली. बहुतेक सभासदांना वर्षाकाठी हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि किमान सतरा कंपन्यांत बहुतेकांना काहीच मिळत नव्हते. शिवाय या आकड्यांतून बहुधा खर्च वजा केलेला नव्हता. वरचा माझा कोट-बुटांचा हिशेब वाचकांनी येथे आठवावा.

आपल्याकडे याविषयीचा कायदा बराच जुना आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाच्या शिफारशींनंतर १९७८ साली बक्षीस चिट्स आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्याचे तिसरे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. अशी योजना चालवणे हा तर गुन्हा आहेच, पण तिचा सभासद होणे, तिच्यात भाग घेणे, तिच्यापायी पैसे देणे-घेणे हाही गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. म्हणजे फसलेला माणूस दोघांना आणतो तेव्हा तो कायद्याच्या नजरेत फसवणारा ठरू शकतो. शिबिरात हे कोणीही सांगत नाही.

याच कायद्याखाली २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेच्या योजनेविरुद्ध मत दिले. एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने त्या कंपनीची ७५७.७७ कोटींची मालमत्ता जप्त केली. इतर नामांकित मालाच्या तुलनेत किमती अवाच्या सवा आहेत आणि सारा भर सभासद वाढवण्यावर आहे, असा संचालनालयाचा आरोप होता. प्रकरण २०११ च्या चौकशीचे असून आपण सहकार्य करीत आहोत, असे कंपनीचे म्हणणे होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने डायरेक्ट सेलिंगचे नियमही काढले. त्यांनुसार पिरॅमिड योजना चालवता येत नाही, प्रवेशासाठी पैसे घेता येत नाहीत, आणि करार विनादंड रद्द करण्यास सभासदाला मुदत द्यावी लागते. माझ्या फॉर्मवर ती मुदत तीस दिवस होती, तळाशी, बारीक अक्षरांत. ‘पहिला महिना निकाल पाहायचा नाही, फक्त शिकायचे’ हा मंत्र आम्हांला का दिला गेला, ते मला तो फॉर्म पुन्हा वाचताना कळले.

साखळीचे रूप प्रत्येक वेळी साबण-पावडरीचेच असते असे नाही. २०११ साली गाजलेल्या स्पीक एशियात अकरा हजार भरून संगणकावर प्रश्नावल्या भरावयाच्या होत्या. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. तेथे कडकनाथ कोंबड्या होत्या. त्यात डावे-उजवे हात नव्हते, पण अंडी व पक्षी कंपनीच चढ्या दराने घेणार या भरवशावर शेतकऱ्यांनी पैसे भरले, आणि खरेदी थांबल्यावर पक्ष्यांना खाद्य घालण्याची पंचाईत झाली. खरा गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न तेथेही विचारायचा राहून गेला होता.

आता जे लिहिण्याचे टाळत आलो ते लिहितो. सभासद झाल्याच्या पहिल्याच संध्याकाळी वहीत शंभर ओळखीच्या लोकांची नावे लिहावयास सांगतात. विचार करायचा नाही, निवडायचे नाही, फक्त लिहायचे. माझ्या यादीत पहिले नाव लोणंदच्या आत्याचे होते. तिने प्लॅन नीट ऐकलाही नाही. “तू म्हणतोस ना, मग झालं,” म्हणाली आणि बचत गटातून शेकडा दोन रुपये व्याजाने १२,५०० उचलून माझ्या उजव्या हाताखाली बसली. त्या आठवड्यात माझ्या खात्यावर १,२०० रुपये जमा झाले. माझी पहिली कमाई! मी आईसाठी पेढे आणले. ते पेढे आत्याच्या कर्जातून आले होते, हे समजायला मला सहा महिने लागले.

तिच्याखाली कोणी आले नाही. ती कोणाला म्हणणार? गटातल्या बायका शेतमजुरी करणाऱ्या. संचातले अर्धे खोके तसेच राहिले. यादीतले दोन वर्गमित्र अजून माझ्या बाकावर बसत नाहीत. चावडीजवळ मी दिसलो की काहीजण मोबाइल कानाला लावतात. प्लॅन बंद होऊन वर्ष होत आले तरी मी काही विकायलाच आलो आहे असे त्यांना वाटते, आणि त्यांचे चुकते असे म्हणण्याची सोय मी ठेवलेली नाही.

गेल्या भाऊबिजेला आत्या आली. वडिलांना ओवाळले, मला नेहमीसारखा लाडू दिला, आणि जाताना पिशवीतून टूथपेस्टचे चार खोके काढून आईकडे दिले. “इथं वापरा, तिकडं कुणाला चव आवडत नाही,” एवढेच बोलली. गटाच्या कर्जाचा विषय तिने काढला नाही. मी औषधांच्या दुकानात पुन्हा जाऊ लागलो आहे. पगार झाला की दरमहा १,००० रुपये आणि त्या महिन्याचे व्याज लोणंदला तिच्या हातात नेऊन देतो. अजून सात हप्ते राहिले आहेत.