नाकातील फवारा : कोणता, किती दिवस?

भिवंडीत यंत्रमागावरील सुताच्या तंतूंमुळे व धुळीमुळे अनेकांचे नाक चोंदते. नाकातील फवाऱ्याची सवय लागते काय, अशी पृच्छा रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे वारंवार करतात. याचे उत्तर बाटलीवरील औषधाच्या नावात आहे.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन रक्तवाहिन्या आकुंचित करून काही मिनिटांत नाक मोकळे करते. परंतु ३ ते ५ दिवसांहून अधिक वापरल्यास औषधाचा असर ओसरताच सूज उलट वाढते व रुग्ण पुन्हा फवाऱ्याकडे वळतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी तर विशेष जपावे.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन या स्टिरॉइड औषधांची अशी सवय लागत नाही. त्यांचा पूर्ण गुण येण्यास १-२ आठवडे लागू शकतात. त्यांचा अत्यल्प अंशच रक्तात मिसळत असल्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती दीर्घकाळ घेता येतात. नाकातून रक्त येऊ नये म्हणून फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूस मारावा. लहान मुलांची उंची मात्र वेळोवेळी मोजावी.

‘स्टिरॉइड’ या शब्दाच्या धास्तीने योग्य औषध सोडून देणे आणि तात्काळ आराम देणारे औषध महिनोन्महिने चालू ठेवणे, यातच खरा धोका आहे. तरी पुढील तपासणीस येताना घरातील बाटली अवश्य सोबत आणावी, ही नम्र विनंती.